दोन्हीकडे सिलेंडर का?

प्रश्न : आमचं गाव कळमनुरी तालुक्यात, नांदेड-हिंगोली रस्त्याला लागून. मागच्या हिवाळ्यात आखाडा बाळापूरच्या एका हॉटेलासमोर एक जुनी काळी मोटारसायकल उभी होती. टाकीवर पांढरी बारीक रेघ, आणि इंजिनाचे दोन सिलेंडर डावीकडे-उजवीकडे चक्क बाहेर आलेले. मालक हैदराबादकडचा होता. चहा घेता घेता म्हणाला, ‘बॉक्सर है, पचपन साल पुरानी.’ आमच्या घरी वडिलांची बजाज बॉक्सर आहे, तिला असं काही नाही. मग खरी बॉक्सर कोणती? सिलेंडर असे बाहेर काढायचं कारण काय? गाडी पडली तर ते फुटत नाहीत का? आणि शोरूममध्ये एकाहून एक गाड्या असताना माणसं असल्या म्हाताऱ्या गाडीवर एवढा जीव का टाकतात?
— एक वाचक, ता. कळमनुरी

उत्तर : आधी घरच्या गाडीचा निकाल लावू. तुमच्या वडिलांची बॉक्सर ही बजाज-कावासाकीच्या जमान्यातली, एका सिलेंडरची, साधी आणि चिवट गाडी. ‘बॉक्सर’ हे तिचं नुसतं नाव. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. याच नावाने बजाजने आफ्रिकेत असं बस्तान बसवलं, की युगांडा-नायजेरियातल्या कित्येक मोटारसायकल टॅक्सीवाल्यांचं पोट आजही बॉक्सरवर चालतं.

हॉटेलासमोर तुम्ही जी पाहिली ती वर्णनावरून जर्मन बीएमडब्ल्यू, आणि ती इंजिनाने बॉक्सर. दोन सिलेंडर समोरासमोर आडवे झोपलेले आणि मधे क्रँक. दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात, एकाच वेळी आत येतात. मुष्टियोद्धा रिंगणात उतरताना दोन मुठी एकमेकींवर आपटतो तसे. तिथूनच ते नाव पडलं. या रचनेचा पहिला फायदा मालकाला हँडल धरताच कळतो. बुलेटसारख्या एका सिलेंडरच्या गाडीत पिस्टन वर-खाली जाताना सगळ्या गाडीला हिसका देतो, म्हणून जुनी बुलेट महिनाभर दामटली की नट-बोल्टांना एकदा पाना लावून बघावा लागतो. बॉक्सरमध्ये एका बाजूचा हिसका दुसऱ्या बाजूचा पिस्टन खाऊन टाकतो. अगदी शंभर टक्के नाही. दोन कनेक्टिंग रॉड क्रँकवर शेजारी-शेजारी बसवावे लागतात, त्यामुळे एक सिलेंडर दुसऱ्याच्या किंचित पुढे असतो आणि इंजिन अगदी बारीकसं डुलतं. पुन्हा अशी गाडी दिसली तर टाकीवरून वाकून खाली बघा. डावा आणि उजवा सिलेंडर एका रेषेत नाहीत, हे साध्या डोळ्यांना दिसेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न, सिलेंडर बाहेर का. याचं उत्तर एका शब्दात ‘हवा’ असं देऊन मोकळं होता येईल, पण त्यामागची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

समोरासमोरचे दोन सिलेंडर ही बीएमडब्ल्यूची कल्पना नव्हे. इंग्लंडात ब्रिस्टलची डग्लस कंपनी १९०७ पासून तशा गाड्या बनवत होती आणि पहिल्या महायुद्धात निरोप्यांच्या हाती त्या हजारोंनी होत्या. फरक एवढाच, की डग्लसमध्ये सिलेंडर गाडीच्या लांबीत असत, एक पुढच्या चाकाकडे तोंड करून आणि दुसरा मागच्या. गाडी त्यामुळे सडपातळ राही. युद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीला विमानाची इंजिनं बनवायची बंदी आली, आणि विमानाच्या इंजिनांवर जगणाऱ्या म्युनिकच्या कारखान्यांपुढे करायचं काय हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा बीएमडब्ल्यूतल्या मार्टिन स्टोले नावाच्या माणसाने डग्लसचा आदर्श समोर ठेवून १९२० च्या सुमारास पाचशे सीसीचं एक बॉक्सर इंजिन तयार केलं. ते इतर कंपन्यांना विकायचं, एवढाच बेत. ते इंजिन बसवलेली एक गाडी म्हणजे हेलिओस. तिच्यातही सिलेंडर डग्लससारखे पुढे-मागे.

आणि तिथेच घोटाळा झाला. पुढचा सिलेंडर ताजी हवा खाऊन थंड राही आणि मागच्याच्या वाट्याला पुढच्याने तापवलेली हवा येई. मागचा सिलेंडर तापून त्रास देऊ लागला. मॅक्स फ्रिट्झ हा बीएमडब्ल्यूचा विमान इंजिनांचा मुख्य अभियंता. मोटारसायकलचं काम त्याच्या गळ्यात पडलं, तेव्हा त्याने इंजिन सरळ आडवं फिरवलं. आता दोन्ही सिलेंडर दोन बाजूंनी वाऱ्यात आले. क्रँक गाडीच्या लांबीत आला, त्यामुळे त्याच्या मागे गिअरबॉक्स थेट बोल्टने जोडता आला आणि गिअरबॉक्सपासून मागच्या चाकापर्यंत फिरता दांडा टाकून चेनच काढून टाकता आली. ही गाडी म्हणजे आर ३२. सप्टेंबर १९२३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. ४९४ सीसी, साडेआठ अश्वशक्ती, वजन १२२ किलो, वेग तासाला ९५ किलोमीटरच्या आसपास. आज ताकदीचे आकडे किरकोळ वाटतील, पण आकृती बघाल तर तुम्ही बाळापूरला पाहिलेली गाडी तिचीच नात आहे, हे लगेच ओळखू येईल.

लोक या गाडीच्या ‘स्टाइल’बद्दल भरभरून बोलतात, आणि ती स्टाइल कुणा चित्रकाराने काढली असावी असा समज होतो. मला तसं वाटत नाही. या गाडीची सगळी ओळख ज्या दोन सिलेंडरांत आहे, ते मागचा सिलेंडर तापत होता म्हणून बाहेर आले. पुढच्या सत्तर वर्षांत डिझायनर म्हणून जे कुणी आले त्यांना सिलेंडरांना हात लावता आला नाही. त्यांच्या ताब्यात टाकी, सीट, मडगार्ड, दिवा आणि रंग एवढंच उरलं. माझ्या मते या गाड्या देखण्या राहिल्या त्या याच सक्तीमुळे.

तुम्ही पाहिलेली पांढरी रेघ ही पहिल्यापासूनची परंपरा. काळ्या टाकीवर कारागीर ब्रशने, हाताने ती ओढत. जवळून पाहिलं तर वळणावर रेघेची जाडी किंचित बदललेली दिसते आणि जुन्या गाड्यांचे शौकीन आधी तेच तपासतात, कारण चिकटवलेली पट्टी कुठेच जाड-बारीक होत नाही. पंचावन्न वर्षांचा हिशेब धरला तर गाडी १९६९-७० च्या आसपासची निघते, आणि नेमका तोच सांधा आहे. पुढचं चाक धरणारे दांडे चाकाच्या मागून आले असतील, टाकी कुबडासारखी आणि सीट स्प्रिंगवरची असेल, तर ती १९५५ ते १९६९ मधली. दांडे आपल्या नेहमीच्या गाड्यांसारखे सरळ खाली उतरत असतील, तर ती त्यानंतरची. १९६९ मध्ये मोटारसायकलींचं काम म्युनिकहून बर्लिनच्या श्पांडाउ भागात हललं आणि तिथून ‘स्लॅश फाइव्ह’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नव्या गाड्या निघू लागल्या. त्यातल्या १९७२ च्या काही गाड्यांच्या टाकीला दोन्हीकडे चकचकीत क्रोमचे पत्रे होते. त्या वेळी पुष्कळांनी नाकं मुरडली, अमेरिकेत तर तिला पाव भाजायच्या यंत्राचं, टोस्टरचं नाव पडलं. कंपनीने पत्रे काढून टाकले. आता जुन्या बाजारात मागणी कशाला, तर त्याच पत्र्यांच्या टाकीला!

१९७३ ची आर ९० एस ही या घराण्यातली सगळ्यांत गाजलेली. हान्स मूट या डिझायनरने तिच्या दिव्याभोवती छोटं आवरण बसवलं, आत घड्याळ आणि व्होल्टमीटर दिला, सीटच्या मागे छोटी शेपटी काढली. रंग धुरासारखा, काळ्यातून चंदेरी होत जाणारा. पुढे नारिंगीही आला. हा रंग हाताने फवारत, त्यामुळे एका गाडीसारखी हुबेहूब दुसरी नाही. १९७६ मध्ये अमेरिकेतली सुपरबाइक स्पर्धा पहिल्यांदा झाली आणि तिचं विजेतेपद रेग प्रिडमोर याने याच गाडीवर मिळवलं. म्हाताऱ्या सरकारी बाबूची गाडी म्हणून जी हिणवली जायची तिने जपानी गाड्यांना मागे टाकलं. गाडी सुंदर आहेच, पण माझं मत विचाराल तर ती जरा नटलेली वाटते. साठच्या दशकातली काळी, पांढऱ्या रेघेची गाडी मी आधी निवडीन.

आता पडण्याचं. गाडी आडवी झाली की आधी जमिनीला टेकतो तो सिलेंडरच, आणि टेकतं ते त्याचं टोकाचं झाकण, म्हणजे व्हॉल्व्ह कव्हर. अॅल्युमिनियमचं जाड झाकण आहे. त्याला चरे पडतात, क्वचित तडाही जातो, पण ते दोन-चार नटांचं काम. उलट सिलेंडर आडवा आल्यामुळे टाकी, हँडल आणि मुख्य म्हणजे माणसाचा पाय बहुतेक वेळा वाचतो. बऱ्याच मालकांनी पुढे लोखंडी गार्ड लावलेले असतात. अडचण वेगळी आहे. वळणावर गाडी फार झुकवली तर सिलेंडर रस्त्याला घासू शकतो. आणि रुंदीची जी भीती वाटते ती डोळ्यांचा भ्रम आहे. सिलेंडरांची रुंदी हँडलच्या आसपासच असते. दोन्ही बाजूंना कॅन लटकावून निघालेली दूधवाल्याची राजदूत तिच्यापेक्षा कितीतरी जास्त रस्ता अडवते आणि दुरून जवळपास बॉक्सरसारखीच दिसते.

माणसं जीव का टाकतात, याचं उत्तर मी तुम्हाला टॅपेटच्या कामातून देतो. आजच्या चार सिलेंडरच्या गाडीचे टॅपेट सेट करायचे म्हणजे टाकी काढा, प्लास्टिक काढा, एअर फिल्टरचा डबा काढा, मग आतल्या अंधारात हात घाला. जुन्या बॉक्सरला काय लागतं? एक बुटकं स्टूल. गाडी मुख्य स्टँडवर लावायची, सिलेंडरशेजारी स्टूल टाकून बसायचं, खाली एक परात ठेवायची, कारण झाकण उघडताच थोडं ऑइल ओघळतं. झाकण निघालं की दोन व्हॉल्व्ह, त्यांचे रॉकर, स्प्रिंगा, सगळं छातीच्या उंचीवर, उजेडात. फीलर गेजची पट्टी आत सरकवायची. मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाची फट, इनलेटला कमी, एक्झॉस्टला जास्त. पट्टी किंचित अडखळत सरकली की नट आवळायचा. मग स्टूल उचलून दुसऱ्या बाजूला. शेजारचा पोरगा बघायला आला तर त्याला बोट दाखवून सगळं इंजिन समजावता येतं. कार्बोरेटरही दोन, दोन्ही बाहेर, हाताशी.

या गाडीची एक खोडही मालक कौतुकाने सांगतात. क्रँक लांबीत फिरत असल्यामुळे गाडी उभी असताना अॅक्सिलेटर पिळला, की ती अख्खी गाडी एका बाजूला झुकते आणि सोडला की परत येते. शिवाय मागचा दांडा जोर लावताना गाडीची मागची बाजू उचलतो. सवय नसलेला माणूस घाबरतो. अभियंत्याच्या हिशेबी हे दोषच, पण पुढे नव्या गाड्यांत ते बरेच कमी केल्यावर जुन्या मालकांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आमच्याकडे बुलेटवाल्याला तिच्या ठोक्याबद्दल विचारून बघा, असंच ऐकाल.

बॉक्सर आपल्याकडे एवढी दुर्मीळ का, हेही सांगून टाकतो. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाडी आणणं म्हणजे परवाना, जकात आणि चपला झिजवणं. रस्त्यावर आलं ते इथे जुळवलेलं आणि बनलेलं. १९५५ पासून मद्रासची एन्फिल्ड बुलेट, साठच्या दशकारंभी म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्‌सची राजदूत. यातली एकही बॉक्सर नाही. म्हणून मराठवाड्यात ही गाडी दिसली तर ती हैदराबाद, पुणे, मुंबईच्या एखाद्या शौकिनाची, नाहीतर जग फिरायला निघालेल्या परदेशी पाहुण्याची. आणि तशा पाहुण्यांची परंपरा जुनी आहे. रॉबर्ट एडिसन फुल्टन नावाचा अमेरिकन तरुण १९३२ मध्ये लंडनहून दुचाकीवर निघाला आणि दीड वर्षाने न्यूयॉर्कला पोचला. वाटेत त्याने हिंदुस्थानही पार केला. त्याची गाडी होती डग्लस, हवेवर थंड होणारी, आडव्या दोन सिलेंडरांची.

तेव्हा बॉक्सर नसली तरी तुमच्या भागातल्या माणसाला तिचं प्रेम समजायला अडचण नाही. पशुवैद्य, ग्रामसेवक, दूधवाला यांच्या राजदूतने चिखलवाटा तुडवल्या त्या ती सुंदर होती म्हणून नाही. ती बंद पडली की नेमकं काय बंद पडलं ते दिसायचं. प्लग काढून पुसला, कार्बोरेटरचा जेट फुंकला, चालली. पुण्यात जावा-येझदीवाले जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवस साजरा करतात, तिथेही लोक गाडीपेक्षा इंजिनाभोवतीच उकिडवे बसलेले असतात. इंजिन उघडं, सिलेंडरवरचे पंखे उघडे, नळी कुठून कुठे जाते ते उघडं. चाकणला बनणाऱ्या ड्यूकसारख्या आजच्या गाड्या कितीतरी वेगवान, सुरक्षित आणि कमी धूर सोडणाऱ्या आहेत. मुलाला कॉलेजला पाठवायचं तर मी तसलीच घेऊन देईन, आणि ब्रेकच्या बाबतीत तर जुन्या गाडीची बाजू घेऊच नये. पण नव्या गाडीसमोर कुणी अर्धा तास नुसतं बघत बसत नाही, कारण रेडिएटर आणि प्लास्टिकच्या मागे बघायला फारसं काही उरत नाही.

बीएमडब्ल्यूनेही अखेर हवेची साथ सोडली, पण एकदम नाही. १९९३ मध्ये ऑइलनेही थंड होणारं नवं बॉक्सर आलं, जुनं निव्वळ हवेवरचं इंजिन १९९६ पर्यंत चाललं. २०१३ च्या जीएस या मॉडेलमध्ये पाणी आलं, तेही फक्त जिथे सगळ्यांत जास्त तापतं त्या भागाभोवती. सिलेंडर मात्र अजून दोन्हीकडे बाहेरच आहेत. आता ते आत घ्यायला तांत्रिक अडचण फारशी नसावी, पण तसं केलं तर गाडी विकत कोण घेईल?

प्रश्न : पाण्याशिवाय, नुसत्या हवेवर चालणारं इंजिन आमच्याकडच्या मे महिन्यात कसं टिकतं? बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची हवा ती काय थंड करणार?
— एक शेतकरी, ता. सेनगाव

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, पण हिशेब मांडला की भीती कमी होते. चालत्या इंजिनाचं हेड दीड-दोनशे अंशांपर्यंत तापतं. समजा १८०. थंडीत हवा २० अंशांची, म्हणजे फरक १६०. मे महिन्यात हवा ४३, फरक १३७. उष्णता वाहून नेण्याची ताकद साधारण या फरकाच्या प्रमाणात असते. म्हणजे हिंगोलीच्या उन्हाळ्यात ती सातव्या हिश्श्याने घटली, संपली नाही. इंजिन थोडं अधिक गरम होतं आणि त्या तापमानाला तोल साधतं. हवेवरच्या बॉक्सरने पॅरिस-डाकार शर्यत सहाराच्या वाळवंटातून १९८१, ८३, ८४ आणि ८५ अशी चारदा जिंकली, ती काही बर्फातली शर्यत नव्हती. तुम्ही डोक्यावरून जाताना पाहता ती सेसनासारखी छोटी प्रशिक्षण विमानंही बहुधा याच जातीच्या इंजिनांवर उडतात, चार आडवे सिलेंडर आणि हवा.

खरा शत्रू ऊन नसून थांबणं आहे. हवा लागते ती वाहती. मार्केट यार्डाच्या गेटवर हळदीच्या गाड्यांची रांग लागली आणि तुम्ही इंजिन चालू ठेवून पंधरा मिनिटं उभे राहिलात, तर ते डाकारच्या वाळूपेक्षा वाईट. बंद करा, दोन मिनिटांनी पुन्हा किक मारा.

दुसरा शत्रू चिखल. सिलेंडरवरचे जे पातळ पत्र्यासारखे पंखे दिसतात, मिस्त्री ज्यांना फिन म्हणतात, ते शोभेचे नाहीत. गुळगुळीत सिलेंडरला जेवढा पृष्ठभाग असतो त्याच्या कितीतरी पट तो या पंख्यांनी वाढवलेला असतो. आपली काळी माती पावसाळ्यात त्यांच्या फटीत बसते, वाळून घट्ट होते, आणि मग इंजिनाला रजई पांघरल्यागत होतं. हळद पॉलिश करायच्या दिवसांत तर वर पिवळी धूळही बसते आणि ऑइलचा थेंब मिळाला की तिचा लेप होतो. पंधरवड्यातून एकदा जुना दात घासायचा ब्रश घ्या, रॉकेल किंवा डिझेलचा हात लावून फटी मोकळ्या करा. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच पाणी मारा. तापल्या हेडवर गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाण्याची भीती असते. आणि चमक यावी म्हणून पंख्यांवर जाड रंगाचे थर चढवू नका.

काही जुन्या गाड्यांच्या पंख्यांच्या फटीत रबराचे लहान तुकडे खोचलेले दिसतात. रद्दी समजून ते काढून टाकणारे फिटर मी पाहिले आहेत. पातळ पंखे इंजिनाच्या हादऱ्याने वाजू लागतात, ती किणकिण थांबवण्यासाठी कंपनीनेच ते घातलेले असतात. राजदूतच्या साडेतीनशेला, म्हणजे आर डी साडेतीनशेला ते होते. तुकडे झिजले असतील तर त्याच मापाचे नवे बसवा.

प्रश्न : आजोबांची १९६८ ची जावा घरात आहे. वसमतच्या बाजाराला अजून मी तिच्यावरच जातो. ‘व्हिंटेज’ नंबर घ्यावा का?
— एक वाचक, वसमत

उत्तर : बाजाराला तिच्यावर जायचं असेल तर घेऊ नका. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत सुधारणा करून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नंतरच्या नूतनीकरणाला ५ हजार. ती दहा वर्षांसाठी असते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण अशा गाडीवर रोज फिरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. धंद्याला वापरायचा प्रश्नच नाही.

तुमच्या गाडीचं जुनं आरसी बुक शाबूत असेल तर नेहमीची वाट धरा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. त्यासाठी हिंगोलीच्या आरटीओत, म्हणजे आपल्या एमएच-३८ ला, गाडी तपासायला नेऊन पर्यावरण कर भरावा लागतो. मधली वर्षं सुटली असतील तर दंडाची तयारी ठेवा. आरसी आजोबांच्याच नावावर असेल तर आधी वारसाची कागदपत्रं करून गाडी आपल्या नावावर करून घ्या, कारण त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. इंजिन नंबर आणि चासी नंबर घासून, ऑइलचा थर काढून, स्वच्छ वाचता येतील असे करून न्या. जुन्या जावात मधे कधीतरी दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलेलं पुष्कळदा निघतं, आणि हे आरटीओच्या खिडकीवर कळण्यापेक्षा घरी अंगणात कळलेलं बरं.